न मिटलेला संप : एका कुटुंबाचं प्रकरण

"सासऱ्यांना समजावणारं कुणीतरी पाहिजे," एवढंच सून फोनवर म्हणाली. ऑगस्ट २०२४ ची गोष्ट. काय समजवायचं, असं मी विचारलं. पलीकडे जरा वेळ काहीच नाही, नुसती स्टेशनवरची घोषणा. मग ती म्हणाली, "हेच, की झालं ते झालं. आता पोरीचं बघा."

परळच्या एका जुन्या वाचनालयाच्या माळ्यावर आमचं समुपदेशन केंद्र आठवड्यातून दोन संध्याकाळी चालतं. दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. येणाऱ्याला फी नाही, त्यामुळे येणारी माणसं बहुतेक याच भागातली, किंवा एकेकाळी याच भागात राहून आता विरार-बदलापूरला गेलेली. खालचं प्रकरण घरच्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मसुदा काकूंना, म्हणजे या सुनेच्या सासूबाईंना, वाचून दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली, ती केली आहे.

काय अडलं होतं

घर नालासोपारा पूर्वेला, वन रूम किचन. माणसं पाच : काका (वय ६८), काकू (६४), मुलगा (४३), सून आणि अठरा वर्षांची नात. बारावीनंतर नातीला परळच्या एका कॉलेजात लॅब टेक्निशियनच्या कोर्सला प्रवेश मिळाला. वर्ग सकाळी आठला. म्हणजे पाचच्या आधी उठायचं, सहाच्या आसपासची लोकल पकडायची आणि प्रॅक्टिकल संपलं की संध्याकाळी दादरला विरार गाडीत चढायचं. सहा-सातच्या दरम्यान ज्यानं दादरला विरार गाडीत चढून पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. दुसऱ्याच आठवड्यात पोरगी लेडीज डब्यात चक्कर येऊन पडली. बायकांनी बसायला जागा दिली, पाणी दिलं, वसईला कुणीतरी घरी फोन लावून दिला.

उपाय घरातच होता. काकूंचे थोरले भाऊ शिवडीला राहतात, कॉलेजपासून बसनं फार लांब नाही. मुलं वेगळी राहतात, घरात म्हातारा-म्हातारी दोघंच. त्यांनी आपणहून निरोप धाडला, सोमवार ते शुक्रवार पोरीला आमच्याकडे ठेवा. निरोप आला तेव्हा काका जेवत होते. त्यांनी ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाले, "त्या घराचा उंबरा माझ्या घरातलं कुणी चढणार नाही."

कारण १९८३ सालचं, गिरणी संपातलं होतं. नातीचा बापही तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता.

मुलाचं म्हणणं वेगळं. पहिल्याच भेटीत, खुर्चीवर नीट बसायच्या आधी, तो म्हणाला, "मॅडम, बाबांचं डोकं त्या संपातून बाहेर काढा. आणि जमलं तर शेलूच्या घरासाठी संमती द्यायला सांगा." दुसरं काम माझं नाही, असं त्याला तिथंच सांगून टाकलं. मुंबईतल्या म्हाडाच्या घरावरचा हक्क ठेवायचा की सोडायचा हा काकांचा आणि त्यांच्या संघटनेचा प्रश्न. शेलू-वांगणीला, म्हणजे बदलापूरच्याही पुढं, गिरणी कामगारांसाठी मिळून ८१ हजार घरांचा प्रस्ताव पुढं आल्यापासून या भागात घरोघरी हाच वाद चालू आहे. मुंबईत राबलो, घर मुंबईतच द्या, असं एक म्हणतो. मरायच्या आधी चावी हातात पडू दे, असं दुसरा. दोघांचंही चूक नाही. समुपदेशकानं ‘मन मोकळं करा’ म्हणता म्हणता माणसाला हक्कावर पाणी सोडायला लावणं, हे मात्र मला साफ नामंजूर आहे.

तो संप, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी

१८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या साठाहून जास्त कापड गिरण्यांमधले सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. पगारवाढ हवी होती. बदली कामगारांना कायम करून हवं होतं. आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळं कामगारांच्या वतीनं बोलायचा अधिकार एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता, ती कोंडी फोडायची होती. माणसं गावी गेली, शेतावर राबली. गावाकडून तांदूळ-नाचणी आली. वर्ष सरलं. ८३ मध्ये गिरण्यांचे भोंगे अर्धेमुर्धे वाजायला लागले, काहीजण आत गेले. बाहेर राहिलेले त्यांना ‘फुटले’ म्हणत. लाखाच्या आसपास कामगारांना पुन्हा कामावर घेतलंच गेलं नाही. संप मागे घेतला, असं अधिकृतपणे कधीच जाहीर झालं नाही.

हे शेवटचं वाक्य मला पाठ होतं. तरी पहिले तीन आठवडे त्याच्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

काका संगमेश्वर तालुक्यातले. १९७५ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी मुंबईत आले. त्यांना आणणारा, खोलीत पथारी टाकायला जागा देणारा, जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, हातापाया पडून गिरणीत चिकटवणारा माणूस म्हणजे काकूंचा हाच थोरला भाऊ, पुढं त्यांचा मेहुणा झालेला. साचे खात्यात, म्हणजे मागांवर, बदली म्हणून लागले. बदली म्हणजे पाळी सुरू व्हायच्या आधी येऊन उभं राहायचं. कायमवाला आला नाही तर काम, आला तर माघारी. ७९ ला लग्न, ८१ ला मुलगा. ८२ च्या संपात दोघं खांद्याला खांदा लावून. ८३ च्या पावसाळ्यात मेहुणा आत गेला. तो कायम होता, त्याला जागा होती. काका बाहेर राहिले, आणि त्यांना बोलावणं आलंच नाही.

मेहुण्यानं गिरणी बंद होईपर्यंत नोकरी केली, स्वेच्छानिवृत्तीचे पैसे घेतले. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता त्याला अर्ज करता येत होता, म्हणजे संपात राहिलेला आणि फुटलेला दोघंही पात्र. एकाच गिरणीचे दोघं, एकाच सोडतीत दोघांचे अर्ज. २२५ चौरस फुटांचं घर मेहुण्याला लागलं.

काकांनी हे मला सांगितलं तेव्हा आवाज अजिबात चढवला नाही. "नशीब पण फुटलेल्यांच्या बाजूनं," एवढंच म्हणाले आणि पिशवी मांडीवर घेतली.

माझ्या दोन चुका

पहिली चूक खुर्चीची. आमच्या शिक्षणात ‘रिकामी खुर्ची’ नावाचा प्रकार शिकवतात. ज्याच्यावर राग आहे तो माणूस समोरच्या खुर्चीत बसलाय असं समजायचं आणि मनातलं बोलून टाकायचं. शहाण्यासुरत्या, वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसांवर तो चालतो असा माझा अनुभव. काकांपुढं मी खुर्ची ठेवली, सांगितलं, समजा तिथं दादा, म्हणजे मेहुणे, बसलेत. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, वाकून तिचा मागचा पाय पाहिला आणि म्हणाले, "बाई, ही खुर्ची पण फुटलीय."

खरोखरच तडा गेला होता. मी हसले, सून हसली, काका हसले नाहीत. त्या दिवशी पुढं काही झालं नाही.

दुसरी चूक फाइलची, आणि ती जास्त महागात पडली. एका साडीच्या दुकानाच्या जुन्या प्लॅस्टिक पिशवीत काका एक फाइल सतत जवळ बाळगत. रात्री उशाशी. तिच्यात बदली कार्ड, कामगार विमा योजनेचं कार्ड, डिसेंबर ८१ ची पगाराची स्लिप, म्हाडाच्या अर्जाची पावती, युनियनच्या सभांची पत्रकं आणि कागदाच्या पुडीत बांधलेली, सूत गुंडाळायची एक लाकडी कांडी. दर बुधवारी ती घेऊन नालासोपाऱ्याहून परळला यायचं, संघटनेच्या सभेला बसायचं, सभा नसली तर जुन्या गेटाच्या जागेसमोर चहाच्या टपरीवर बसायचं आणि संध्याकाळी परत. मी सुचवलं, एक आठवडा फाइल कपाटात ठेवून बघा. उशाशी नको.

पुढचे दोन आठवडे काका आलेच नाहीत. निरोपही नाही. तिसऱ्या आठवड्यात सुनेचा मेसेज, "फाइल कुणी हलवली म्हणून घरात भांडण झालं. तुमचं नाव काढू नका म्हणतात."

बरोबरच होतं. सोडून द्या म्हणायला आपलं काय जातं? ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ ही म्हण ज्याचं काही गेलेलं नाही त्याच्या तोंडी फार शोभते. मुंबईत तर गंगाही नाही, इथलं झालं गेलं फार तर मिठी नदीला मिळतं आणि भरतीला उलटं घरात शिरतं. काकांच्या त्या पिशवीत त्यांचा एकुलता एक दावा होता, आणि मी त्यांना तो कपाटात ठेवायला सांगत होते. बदली कार्ड हरवलं म्हणून अर्ज अडकलेली माणसं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

त्या बुधवारी मीच टपरीवर गेले. माफी मागितली. त्यांनी चहा मागवला, पैसे मला देऊ दिले नाहीत.

"संप कधी संपला?"

टपरीवरच, काही ठरवलेलं नसताना, मी सहज विचारलं, "काका, संप कधी संपला?"

"संपला?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी वेड्यासारखं बोलले. "कुणी सांगितलं तुमाला संपला?"

मग तिथं बसल्या बसल्या मला माझी चूक दिसली. सगळं घर, आणि घराबरोबर मीही, काकांना म्हणत होतो की चाळीस वर्षांपूर्वी घडून गेलेली गोष्ट विसरा. काकांच्या लेखी ती घडून गेलेलीच नव्हती. कुणी त्यांना येऊन सांगितलं नव्हतं, की आपण हरलो, घरी जा. हरल्याची सभा झाली नाही. गिरणीनं ‘तुमची नोकरी संपली’ असं पत्र निदान त्यांच्या हातात तरी दिलं नाही. बदलीवाला होते, त्यांना कोण पत्र देणार! सामंतांची १६ जानेवारी १९९७ ला पवईत हत्या झाली. अंत्ययात्रेला काका गेले होते आणि तिथंही घोषणा चालूच होत्या. बाहेर उभं राहायला सांगितलं होतं. ते उभे होते.

पॉलिन बॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात अशा नुकसानाला वेगळं नाव दिलं. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांबरोबर त्यांनी काम केलं होतं. माणूस मेला म्हणावं तर प्रेत नाही, जिवंत म्हणावं तर पत्र नाही. अशा घरात सुतकही धरता येत नाही आणि फिटतही नाही. ‘ॲम्बिग्युअस लॉस’ हे ते नाव. मराठीत याला मी अधांतरी नुकसान म्हणते. बॉस बाईंचं म्हणणं असं, की इथं ‘शेवट करून टाका’ म्हणून हटून बसण्यात अर्थ नसतो. शेवट नसतानाही जगता येईल एवढी जागा माणसाला करून द्यावी लागते. गिरणगावात हे पुस्तक न वाचताही कळायला हवं होतं. माझं घर इथंच चिंचपोकळीला, माझे मोठे काका गिरणीतले. मला उशिरा कळलं.

झोप, भूक, नैराश्याची लक्षणं यांची तपासणी मी नेहमीप्रमाणे आधीच केली होती. रक्तदाब होता, गोळी चालू होती. मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावं असं काही दिसलं नाही. यावर जास्त लिहीत नाही.

कॅलेंडरची मागची बाजू

पाचवी भेट. या वेळी काकू, मुलगा, सून सगळे आले. नात कॉलेजातून थेट आली, खांद्यावरची बॅग न उतरवता दाराशी बसली. मी टेबलावर कॅलेंडरची जुनी पानं उलटी अंथरली, चार पानं एकाला एक चिकटवून. डाव्या टोकाला १९७५ लिहिलं, उजव्या टोकाला २०२४. मध्ये एक रेघ. काकांच्या हातात स्केचपेन दिलं. यात तुमचं आयुष्य भरा.

काकांनी लिहायला घेतलं. अक्षर चांगलं आहे त्यांचं, सातवीपर्यंतचं, टपोरं. एसटीनं मुंबई. खानावळ. पहिला साचा. रात्रपाळी. भजनी मंडळात टाळ. लग्न. बोनसचं आंदोलन. १८ जानेवारी. अटक, दोन रात्री. गावी लावणी. मेहुणा आत गेला ती तारीखसुद्धा. पहिल्या पानावर जागा पुरेना, तेव्हा वर-खाली, आडवं-उभं. मग पेन टेबलावर ठेवलं.

उरलेली तीन पानं कोरी.

"आणि पुढं?"

"पुढं काय. चाललंय."

आमच्याकडे भूतकाळात अडकलेली माणसं येतात असं आम्ही म्हणतो, अहवालातही लिहितो. त्या तीन कोऱ्या पानांकडे बघताना मला उलटंच वाटलं. या माणसाजवळ भूतकाळ फार नव्हता, फार थोडा होता. अडुसष्ट वर्षांतली आठ वर्षं. पुढची एक्केचाळीस त्यांनी जगलेली धरलीच नव्हती, कारण ती बाहेर उभं राहण्यात गेली असा त्यांचा हिशेब. मग ते सोडणार काय, आणि पुढं बघणार कुठून?

काकूंनी पेन घेतलं. त्यांना लिहायची सवय नाही. पेन चपातीच्या लाटण्यासारखं मुठीत धरलं आणि नातीला हाक मारली, "तू लिही गं, मी सांगते."

८४, अंधेरीला वॉचमन. ८५, मुलगी झाली. ८६, लालबागची खोली दिली, देणी फेडली, नालासोपारा. पाणी विहिरीवरून. काकू पोळी-भाजी केंद्राला चपात्या लाटून द्यायला लागल्या तेव्हा पहाटे चारला शेगडी पेटवून द्यायचे हे काका. हे सांगताना त्या काकांकडे बघत नव्हत्या. मुलाची दहावी, ७१ टक्के. मुलीचं लग्न. मग थांबून म्हणाल्या, "आणि पाणी भरलं ते लिही."

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. काका अंधेरीच्या कारखान्यात ड्यूटीवर. पॅकिंगला अकरा बायका होत्या. मालक निघून गेलेला, वरच्या ऑफिसला कुलूप. काकांनी कुलूप फोडलं, सगळ्यांना वर नेलं, मालकाच्या कपाटातली बिस्किटं वाटली आणि रात्रभर जिन्यावर काठी घेऊन बसून राहिले. दुसऱ्या दिवशी रुळांवरून चालत निघाले, तिसऱ्या दिवशी सकाळी घरी. कुलूप फोडलं म्हणून मालकानं पगारातून पैसे कापले.

"हे मला कुणी सांगितलंच नाही," नात म्हणाली. तिनं ते ठळक अक्षरात लिहिलं आणि भोवती चौकट काढली.

"त्यात काय सांगायचं," काका म्हणाले. पण पानाकडे बघत राहिले.

पानं भरली. मला वाटलं झालं. काकू मात्र उठून टेबलाच्या डाव्या टोकाला गेल्या, ८३ वर बोट ठेवलं. "इथं एक राहिलंय. लिही, दादा पैसे द्यायचा."

पंख्याचा आवाज तेवढा. काकू बोलत राहिल्या, भराभर, कुणी अडवायच्या आत. दादा कामावर गेल्यावर पगार झाला की एक-दोन दिवसांत वहिनी मागच्या गॅलरीतून यायची. कधी पन्नास, कधी तीस, कधी नुसता गूळ-शेंगदाणा आणि दुधाचा डबा. दीड वर्ष. "पोराला दूध कुठनं यायचं सांगा ना. ह्यांना नाही सांगितलं. सांगितलं असतं तर फेकून दिलं असतं."

मी काकांकडे पाहिलं नाही, मुद्दाम. अशा वेळी समुपदेशकानं टेबलावरच्या पेनाचं टोपण लावावं, तेवढंच त्याचं काम.

"ठाऊक होतं," काका म्हणाले.

काकूंनी मान वर केली.

"घरात पैसा नाही आणि डब्यात गूळ. मी काय आंधळा होतो? सगळं ठाऊक होतं. मी रोज नाक्यावर सांगायचो, फुटलेल्याच्या हातचं पाणी पिणार नाही. आणि घरी येऊन जेवायचो." मग बऱ्याच वेळानं, "मी फुटलो नाही, फुटलो नाही, सांगत फिरलो. पोटात गेलं ते त्याचंच ना."

चाळीस वर्षं ज्याला सगळं घर राग समजत होतं त्याच्या खाली हे होतं. मेहुणा आत गेला हे काकांनी कदाचित केव्हाच माफ करून टाकलं असतं. तो कायम होता, घरात आजारी आई होती, सगळी चाळ जाणून होती. त्याचं अन्न खाल्लं, हे त्यांना स्वतःला माफ करता येत नव्हतं. आणि त्या माणसाचा उंबरा चढायचा म्हणजे ते पुन्हा उघड्यावर यायचं.

त्याच भेटीत मुलगा पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलला. "मग बाबा, मला डिप्लोमा का सोडायला लावलात? तेव्हाही मामा फी भरायला तयार होता." काकांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. मुलगा त्यानंतर एकदाच आला. त्याचं प्रकरण वेगळं आहे आणि ते सुटलेलं नाही; इथं ते सुटल्यासारखं लिहिलं तर खोटं होईल.

काय ठरलं

फाइल सोडायची नाही, हे आधी ठरलं. आपला दावा एक आणि वाट बघणं एक, अशी दोन कामं आहेत आणि ती गेली चाळीस वर्षं एकाच पिशवीत कोंबलेली आहेत, असं मी मांडलं. काकांना ते पटायला दोन भेटी गेल्या. दावा लढायचा असतो. त्याला कागद लागतात, सह्या लागतात, सभा लागतात. वाट बघायला काहीच लागत नाही, म्हणून ती सगळं आयुष्य खाते. नातीनं मोबाइलवर एकेक कागद स्कॅन केला, झेरॉक्सचे दोन संच काढले, एक संघटनेच्या कार्यालयात, एक मुलीच्या सासरी. मूळ फाइल घरच्या कपाटात, किल्ली काकांकडेच. कांडी मात्र त्यांनी नातीला देऊन टाकली. ती तिनं पेन ठेवायच्या डब्यात उभी केली आहे.

शेलूचं काय करायचं ते काकांनी त्यांच्या संघटनेच्या लोकांबरोबर बसून ठरवलं. काय ठरवलं ते मी विचारलं नाही आणि इथं लिहायची गरजही नाही.

बुधवार तसाच ठेवला. हे जरा सांगायला हवं, कारण मुलाला ते आवडलं नाही. स्ट्रोब आणि शुट या संशोधक जोडीनं १९९९ मध्ये शोकाबद्दल एक मांडणी केली. तिचं सार असं, की दुःखातून सावरणारा माणूस सरळ रेषेत पुढं जात नाही. तो झोके घेतो, एकदा गेलेल्याकडे, एकदा पुढच्या कामाकडे, आणि दोन्हीकडे जाता येणं हेच सावरणं. काकांचा झोका एका टोकाला अडकून बसला होता. तो दुसऱ्या टोकाला नेऊन बांधून ठेवण्यात काय हशील? बुधवार संपाचा. उरलेल्या सहा दिवसांत कामं लावून घेतली. सकाळी सोसायटीच्या पाण्याचा वॉल्व्ह सोडायचा, धाकट्या नातवाला, म्हणजे मुलीच्या मुलाला, वसईच्या शाळेतून आणायचं. दोन्ही कामं त्यांनीच शोधली.

शिवडीचा प्रश्न मी काढला नाही. तो सातव्या भेटीत काकांनीच काढला, तोही असा : "पोरीच्या खाण्याचे पैसे देणार. महिन्याच्या महिन्याला. घेणार असेल त्यो तर ठेवू."

हा निरोप काकूंनी भावाला दिला. भाऊ म्हणे फोनवर खूप वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, दे म्हणावं. मला हा माणूस कधी भेटलेला नाही, पण त्या दोन शब्दांसाठी मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला. ‘अरे पैसे कसले’ असं त्यानं मोठेपणानं म्हटलं असतं तर सगळं मुसळ केरात गेलं असतं.

ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या आधी, नात शिवडीला गेली. बॅग पोचवायला काका गेले. लिफ्टनं वर गेले, दारात बॅग ठेवली, आत गेले नाहीत. मेहुणा दारात आला. दोघं काय बोलले? नातीनं मला जसं सांगितलं तसं लिहिते.

"गुडघा कसा आहे," मेहुण्यानं विचारलं.

"दुखतो," काका म्हणाले. आणि लिफ्टचं बटण दाबलं.

डिसेंबरात बसायला लागले. गॅलरीतून बंदराकडच्या क्रेन दिसतात, तिथं दोन खुर्च्या असतात. संपाबद्दल बोलत नाहीत. नातीच्या म्हणण्याप्रमाणे बोलणं होतं ते गावच्या घराच्या कौलांबद्दल आणि कुणाच्या कुठल्या गोळ्या बंद झाल्या त्याबद्दल. जानेवारीत शेवटची भेट झाली. १८ तारीख जवळ आली होती, त्या दिवसाबद्दल मी विचारलं. "जाणार ना सभेला," काका म्हणाले. "संप काय मागे घेतलेला नाय." या वेळी मात्र ते हसले.

त्यानंतर काकूंचा अधूनमधून फोन येतो. काका बुधवारी सभा आटोपून शिवडीला जातात, नातीबरोबर जेवतात, रात्रीच्या रिकाम्या गाडीनं परततात. त्या घरचं अजून खात नाहीत. डबा नालासोपाऱ्याहून नेतात, तीन चपात्या आणि भाजी. मागच्या बुधवारी निघताना त्यांनी काकूंना सांगितलं, आज चार जास्त टाक.